पंखे चार नंबरला नाहीत

मी सॉफ्टवेअरचं काम करते असं सांगितलं की मुंबईजवळ टेमघरला आमच्या चाळीत लोक विचारायचे, "म्हणजे टायपिंग का?" सुरुवातीला मी समजावून सांगायचे. नंतर कंटाळून "हो, टायपिंगच" म्हणायला लागले. वडील महापालिकेच्या पाणी खात्यात होते. त्यांना मात्र माझ्या नोकरीचं भारी कौतुक. कुणी विचारलं की सांगायचे, "पोरगी दापोड्याला कंपनीत इंजिनीअर आहे." मी इंजिनीअर नव्हते, आणि ती कंपनी म्हणजे दुसऱ्यांचा माल सांभाळणारी नऊ गोडाऊनं होती. पण वडिलांना कोण दुरुस्त करणार?

एकमेकांना मिस्ड कॉल देऊन निरोप पोचवायचे दिवस होते ते. अंजूरफाट्यापर्यंत शेअर रिक्षा, तिथून दुसरी रिक्षा, आणि मग ट्रकांच्या मधून वाट काढत चालत कंपाऊंडपर्यंत. आत पंखे, मिक्सर, कुकर, पाण्याचे फिल्टर असा घरगुती माल भरलेला असायचा. कुठला माल कुठल्या गोडाऊनमध्ये, कितव्या रांगेत आहे याची सगळी माहिती मुंबईच्या हेड ऑफिसमधल्या सर्व्हरवर होती. आमच्याकडे गेटजवळच्या खोलीत एक खिडकी होती. ड्रायव्हर खिडकीतून कागद आत सरकवायचा, आतून मालाचा नंबर टाइप व्हायचा, तो प्रश्न टेलिफोनच्या लाइनवरून मुंबईला जायचा आणि मुंबईहून उत्तर यायचं: गोडाऊन अमुक, रांग तमुक. ते चिठ्ठीवर लिहून ड्रायव्हरच्या हातात द्यायचं, की ट्रक आत.

ऐकायला सोपं आहे. पण लाइन अशी होती की एकेका उत्तराला तीन-चार मिनिटं लागायची. तोवर ड्रायव्हर खिडकीच्या गजांना धरून उभा, त्याच्यामागे दुसरा, आणि ट्रकांची रांग रस्त्यावरून शेजारच्या कंपाऊंडच्या गेटापर्यंत. शेजारचे लोक भांडायला यायचे. आमचे मॅनेजर त्यांना चहा पाजून परत पाठवायचे. मला नोकरीवर घेतलं ते हे जरा सुधारावं म्हणून.

खिडकीत बसायच्या त्यांना सगळे काकी म्हणायचे. पंचेचाळिशीच्या, आगरी, कपाळावर मोठं कुंकू, आवाज खणखणीत. ही गोडाऊनं त्यांच्या सासरच्या भातशेतीवर उभी होती. जमीन देताना घरातल्या एकाला नोकरी मिळावी असं ठरलं होतं. दिराला नोकरी नको होती, नवऱ्याला उन्हात उभं राहणं जमत नव्हतं, म्हणून काकी आल्या. सातवीपर्यंत शिकलेल्या. टाइप एका बोटाने करायच्या, पण चुकायच्या नाहीत. नऊही गोडाऊनं त्यांना नंबराने कमी आणि शेताने जास्त ओळखीची होती. "चार नंबर म्हंजे आमचं खालचं खाचर," असं त्या सहज बोलून जायच्या आणि ड्रायव्हर बिचारा बघत राहायचा.

मी आठवडाभर त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि एक गोष्ट लक्षात आली. दिवसभरात विचारले जाणारे प्रश्न तेच तेच होते. सकाळी दहाला एकाने पंख्याचं विचारलं, सव्वादहाला दुसऱ्याने त्याच पंख्याचं विचारलं, साडेदहाला तिसऱ्याने. प्रत्येक वेळी आपला प्रश्न मुंबईला जातो आणि तेच उत्तर घेऊन रमतगमत परत येतो. मग पहिल्यांदा आलेलं उत्तर इथेच का ठेवू नये? दुसऱ्याने विचारलं की आपल्याच कॉम्प्युटरमधून द्यायचं. पुस्तकात याला कॅशिंग म्हणतात हे मला ठाऊक होतं. पुस्तकातली गोष्ट दापोड्यात करायला मिळतेय या आनंदात मी मॅनेजरांकडे गेले.

"सर, आपण खिडकीच्या कॉम्प्युटरवर कॅश ठेवू या."

मॅनेजर दचकले. "गेटवर? अजिबात नाही. कॅश ऑफिसच्या कपाटातच राहील. आणि तुम्हाला कुणी सांगितलं कॅशचं?"

गैरसमज दूर व्हायला दहा मिनिटं लागली. शेवटी ते म्हणाले, "मॅडम, करा काय करायचं ते. फक्त त्याला दुसरं काही नाव द्या." मग आम्ही त्याला 'साठा' म्हणू लागलो.

चार दिवसांत प्रोग्रॅम तयार झाला. पहिला प्रश्न मुंबईला जायचा. तोच दुसऱ्यांदा आला की काकींनी एंटर दाबल्या दाबल्या उत्तर स्क्रीनवर. पहिल्यांदा झालं तेव्हा काकींनी हात मागे घेतला. "आगो, यो तर इचारायच्या आधीच सांगतो!" ड्रायव्हर लोक खूश. दुपारपर्यंत रांग गेटाच्या आत आली. मॅनेजरांनी सगळ्यांना वडापाव मागवला.

अडचण एकच होती. मी ती उत्तरं कॉम्प्युटरच्या मेमरीत ठेवली होती आणि आमच्याकडे लोडशेडिंग दिवसातून दोनदा. लाइट गेली, जनरेटर सुरू होईपर्यंत कॉम्प्युटर बंद, आणि साठा रिकामा. लाइट आली की सगळे प्रश्न पुन्हा एकदम मुंबईच्या वाटेला लागायचे, लाइन तुंबायची आणि तासभर पूर्वीपेक्षा वाईट हाल व्हायचे. याचा मला फार राग आला. मग मी उत्तरं हार्ड डिस्कवर लिहून ठेवायची सोय केली. आता लाइट जावो की येवो, साठा जागच्या जागी. आणि हात लागलाच आहे तर म्हणून प्रत्येक उत्तर आठवडाभर टिकेल असं करून टाकलं. मनात म्हटलं, गोडाऊनमधल्या मालाला काय पाय फुटणार आहेत?

त्याच सुमाराला काकींचं आणि माझं थोडं वाजलं होतं. त्या कधी कधी स्क्रीनकडे न बघताच चिठ्ठी लिहायच्या. "कुकर ना? दोन नंबर. जा." मला ते पटायचं नाही. एवढं मी केलं आणि या तोंडपाठ लिहितात! एकदा मी जरा चढ्या आवाजात म्हणाले, "काकी, स्क्रीनवर दिसेल तेच लिहायचं. मनाचं काही लिहायचं नाही." खोलीत दोन हमाल होते, सुपरवायझर होता. काकींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं." त्यानंतर त्या मुकाट्याने स्क्रीनवरचंच लिहू लागल्या. मला वाटलं, शिस्त लागली.

मे महिना होता. पंख्यांना मागणी इतकी की रोज आठ-दहा ट्रक फक्त पंखे न्यायला यायचे. एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला पंख्यांसाठीचा त्या दिवसाचा पहिला ट्रक घेऊन एक राजस्थानी ड्रायव्हर आला. पिकलेल्या मिशा, गळ्यात पंचा. स्क्रीनवर उत्तर झटकन आलं, चार नंबर. काकींनी चिठ्ठी लिहिली, तो गेला.

चार नंबर कंपाऊंडच्या अगदी मागे, चिंचोळ्या गल्लीच्या टोकाला होतं. आत गेलेला ट्रक उलटा घेत बाहेर काढावा लागायचा. अर्ध्या तासाने मागून आरडाओरडा ऐकू आला. जाऊन बघते तर तो ट्रक गल्लीत आडवा, मागचं चाक गटारात, आणि त्याच्यामागे आणखी दोन ट्रक अडकलेले. ड्रायव्हर खाली उतरून चाकाकडे बघत उभा होता.

"क्या हुआ?" मी विचारलं.

"मैडम, चार नंबर में पंखा है ही नहीं. खाली है पूरा. वापस ले रहा था तो पहिया उतर गया."

मला ते खोटंच वाटलं. स्क्रीनवर चार होतं. मी ताडताड खिडकीकडे आले आणि सगळ्यांसमोर काकींना म्हणाले, "काय लिहिलंत चिठ्ठीवर? चार लिहिलंत ना? की मनाचंच काहीतरी?"

काकींनी चिठ्ठ्यांचं पुस्तक माझ्यापुढे धरलं. कार्बनखालच्या कागदावर स्वच्छ चार. मग त्या उठल्या, माझा हात धरला आणि मला चार नंबरपर्यंत चालवत नेलं. शटर अर्धं वर होतं. आत काही नव्हतं. छतावर दोन माणसं जुने पत्रे काढत होती आणि उघड्या जागेतून उन्हाचा मोठा चौकोन फरशीवर पडला होता. पावसाळ्याआधी पत्रे बदलायचे म्हणून आदल्या दिवशी सगळे पंखे सात नंबरला हलवले होते. सुपरवायझरने तशी नोंदही केली होती. मुंबईच्या सर्व्हरला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते माझ्या साठ्याला, कारण त्याच्याकडे चार दिवसांपूर्वीचं उत्तर होतं आणि ते आठवडाभर टिकवायचं असं मीच त्याला सांगितलं होतं.

तिथे उभ्या उभ्या आणखी एक गोष्ट मला कळली. आधीच्या प्रोग्रॅममध्ये हे झालं नसतं. दिवसातून दोनदा लाइट जायची आणि जुनी उत्तरं आपोआप पुसली जायची. ज्या लोडशेडिंगला मी शिव्या घालत होते, तेच आम्हाला वाचवत होतं, आणि मी मोठ्या हुशारीने त्याचा बंदोबस्त केला होता.

शेजारच्या कंपाऊंडमधून हायड्रा क्रेन मागवावी लागली. ट्रक निघायला दोन तास गेले. तोवर तो ड्रायव्हर सावलीत पंचा अंथरून बसला होता. मी त्याच्याकडे जाऊन "गलती हमारी थी" म्हणाले. तो म्हणाला, "मशीन ने चार बोला, हमने मान लिया. अगली बार खुद झाँक के देख लेंगे." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं.

मॅनेजरांनी संध्याकाळी एवढंच सांगितलं, "मॅडम, साठा बंद करा." मी बंद केला. दुसऱ्या दिवशी रांग पुन्हा रस्त्यावर गेली आणि शेजारचे लोक पुन्हा भांडायला आले. घरी मी काही बोलले नाही. वडिलांनी विचारलं, "काय गं, कंपनीत सगळं बरं आहे ना?" मी म्हणाले, "हो, टायपिंग जास्त आहे सध्या."

तिसऱ्या दिवशी मी मॅनेजरांकडे आठवड्याची मुदत मागितली. माल खरोखर कसा हलतो हे मला आधी बघायचं होतं. मी कधी बघितलंच नव्हतं. मी खोलीत बसून कोड लिहिला होता. मॅनेजर म्हणाले, "काकींना घेऊन फिरा. त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही." खिडकीवर त्यांनी तेवढ्यापुरता दुसरा माणूस बसवला.

पहिल्या दिवशी आम्ही दोघी एकीकडून दुसरीकडे नुसत्या चालत होतो. मी प्रश्न विचारत होते, काकी मोजकं उत्तर देत होत्या. तीन नंबरच्या दाराशी सावली होती, तिथे टेकलो. मी म्हणाले, "काकी, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुम्हाला बोलले. चूक माझी होती."

काकी पदराने वारा घेत होत्या. म्हणाल्या, "मना म्हाईत व्हतं गो."

"काय माहीत होतं?"

"पंखं सात नंबरला गेलं त्ये. आदल्या दिशी हमाल माज्याच खिरकीसमोरशी हातगाड्या घेऊन गेलं. मी बगत व्हते."

"मग चार का लिहिलंत?"

"तूच सांगलंस ना, स्क्रीनवर दिसल त्येच लिवायचं. मनाचं न्हाय."

मला भयंकर राग आला. एक ट्रक गटारात गेला, दोन तास गल्ली बंद, आणि यांना सगळं माहीत! पण रागावायला तोंड कुठे होतं? वाक्य माझंच होतं, शब्दन्‌शब्द. काकीही माझ्याकडे बघत नव्हत्या. म्हणाल्या, "तुजी जिरवायची व्हती मना. जिरली. पन त्यो म्हातारा उन्हात बसला, त्ये मना बरा न्हाय वाटला. रातीला जेवन ग्वाड लागला न्हाय."

मग एकदम त्यांना हसू फुटलं. "कसली पलत आलीस गो त्या दिशी! लाल लाल!" आणि मलाही आवरेना. समोरून जाणारा हमाल थांबून बघायला लागला, तेव्हा कुठे आम्ही उठलो.

त्यानंतरचे चार दिवस फार मजेत गेले. काकी दाखवत गेल्या आणि मी वहीत लिहीत गेले. मालाला पाय होते, फक्त सगळ्याच मालाला नव्हते. फिल्टर वर्ष-वर्ष एका जागी पडून असायचे. कुकर महिन्यातून एकदा हलायचे. पंखे मात्र उन्हाळ्यात रोज इकडून तिकडे. आणि सुपरवायझर हलवाहलवी झाल्यावर लगेच नोंद करत नव्हता. खोक्याच्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहून तो तुकडा खिशात ठेवायचा आणि जेवण झाल्यावर कॉम्प्युटरसमोर बसायचा. म्हणजे दुपारी दोनपर्यंत मुंबईच्या सर्व्हरलाही खरी गोष्ट कळत नव्हती. खिडकीत बसून हातगाड्या बघणाऱ्या काकींना ती सगळ्यांच्या आधी कळायची.

मी सगळं नव्याने लिहिलं. पंख्यांसारख्या पळत्या मालाचं उत्तर दहाच मिनिटं ठेवायचं, कुकरचं दिवसभर, फिल्टरचं आठवडाभर. सुपरवायझरने नोंद केली की त्या मालाचं जुनं उत्तर खिडकीच्या कॉम्प्युटरवरून त्याच क्षणी पुसलं जायचं. आणि काकींसाठी एक बटण ठेवलं. उत्तर चुकीचं आहे असं त्यांना वाटलं तर ते दाबायचं. मग चिठ्ठी थांबायची आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत यायचं, 'सुपरवायझरला फोन करा.'

काकींनी सगळं शांतपणे बघून घेतलं. मग विचारलं, "ह्ये उत्तर कवाचं हाय, त्ये कुठं लिवलंय?"

"ते आत असतं, काकी. कॉम्प्युटरला माहीत असतं."

"त्याला म्हाईत असून काय करायचं? दुधाच्या पिशवीवं तारीख असतं का न्हाय? मंग ह्येच्यावं नको?"

मी पाच मिनिटांत उत्तराखाली वेळ दाखवायची सोय केली. एवढ्या साध्या गोष्टीने काम किती बदललं! काकी आता उत्तर वाचायच्या, खालची वेळ वाचायच्या, खिडकीबाहेर एक नजर टाकायच्या आणि मगच लिहायच्या. हातगाड्या दिसल्या की बटण. पहिल्या आठवड्यात त्यांनी ते अकरा वेळा दाबलं आणि त्यातल्या नऊ वेळा त्यांचंच खरं निघालं. सुपरवायझर फोनला वैतागला आणि जेवणाआधीच नोंदी करायला लागला.

रांग परत गेटाच्या आत आली आणि तिथेच राहिली. महिन्याभराने तो राजस्थानी ड्रायव्हर पुन्हा आला. काकींनी मला आतून हाक मारून बोलावलं. त्याने चिठ्ठी घेतली, माझ्याकडे पाहून विचारलं, "मैडम, आज का जवाब ताज़ा है?" काकींनीच ठणकावून सांगितलं, "छे मिनिट पहिले का है. जाव, बिनधास जाव." तो हसत गेला आणि पंखे भरून परतला.

पुढे मालकांनी रस्त्यापलीकडची दोन कंपाऊंडं घेतली आणि तिथल्या खिडक्यांवर हाच प्रोग्रॅम बसवायचं ठरलं. तिथल्या कारकुनांना शिकवायची जबाबदारी माझ्यावर आली. मी काकींना सोबत नेलं. पाच-सहा माणसं होती, बहुतेक माझ्यापेक्षा वयाने मोठी. मी सुरुवात केली, "ही स्क्रीन चुकू शकते. तुम्हाला जे दिसतंय ते वेगळं असेल तर आधी थांबायचं."

त्यातले एक गृहस्थ वीस वर्षं कापडाच्या पेढीवर काम करून आलेले होते. त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, चुकणारच असेल तर आम्ही ऐकायचं कशाला तिचं?"

मी काकींकडे पाहिलं. काकी म्हणाल्या, "दिसातून धा येला बरोबर सांगतं, आन झटकन सांगतं. एकदा चुकतं. घरच्या मानसाचं ऐकतंस का न्हाय तू?"

गृहस्थांनी चष्मा परत घातला, खुर्ची पुढे ओढली आणि मला म्हणाले, "दाखवा मग, एंटर कुठे असतं?"